बास बोटींचे तीन तळ, एकच इंजिन: इंदूरच्या माळ्यावरच्या नोंदी

12 जानेवारी 2025

टेक्ससमधल्या धाकट्या भावाला जुनी बास बोट, म्हणजे बास नावाचे मासे पकडायला वापरतात ती वेगवान मोटरबोट, घ्यायची आहे. मागच्या वर्षी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा एकाच तलावावर दोन बोटींत बसलो. दोन्ही 18 फुटांच्या, दोन्हींवर 150 अश्वशक्तीचं इंजिन. एक लाटांवरून सरळ निघून गेली, दुसरीनं पाठीचे मणके मोजायला लावले. विक्रेत्याचं माहितीपत्रक दोघींबद्दल सारखंच बोलत होतं. फरक नेमका कुठून येतो हे हातानं करून पाहायचं ठरवलं आहे. त्यासाठी 1:6 प्रमाणात तीन तळ बांधायचे आणि एकच इंजिन, एकच बॅटरी, एकच रिमोट तिघांवर आळीपाळीनं लावायचा. भाचा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तो सोबत आहे.

ज्यांना असं काही करायचं आहे त्यांच्यासाठी आकडे: 18 फूट म्हणजे साधारण 549 सेंटिमीटर, त्याचा सहावा भाग 91.5. वजन मात्र सहाच्या घनानं, म्हणजे 216 नं भागायचं. माणसं, पेट्रोल, बॅटऱ्या धरून खरी बोट 1250 किलोच्या घरात जाते, म्हणून मॉडेल 5.8 किलो. वेगाला सहाच्या वर्गमुळानं, 2.45 नं भागायचं. खरा 80 किमीचा वेग मॉडेलमध्ये सुमारे 33 होतो. धक्के मात्र भागावे लागत नाहीत. मॉडेलला 3 जीचा (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट) दणका बसला तर त्याच प्रमाणातल्या लाटेवर खऱ्या बोटीलाही तेवढाच बसतो, आणि आमचा सगळा भर त्याच मापावर आहे.

तीन तळ असे. पहिला पूर्ण सपाट, तिकडे ज्याला जॉन बोट म्हणतात तसा. दुसरा साधा व्ही, मागच्या टोकाला 14 अंशांचा उतार. तिसरा पॅडचा: व्हीच्या मधोमध, मागच्या भागात साडेचार सेंटिमीटर रुंदीची सपाट पट्टी. वेगात ही बोट जवळजवळ त्या पट्टीवरच उभी राहते. यापुढे त्यांना सपाटी, व्ही आणि पॅडवाली म्हणतो.

19 जानेवारी

सियागंजात फोमच्या पांढऱ्या शीट मिळाल्या. आडव्या फळ्या 4 मिमी प्लायच्या, त्यांच्यावर फोम, वरून काचकापड आणि रेझिन, असा बेत आहे.

रेझिनबद्दल नीट वाचा, इथे सगळं काम वाया जाऊ शकतं. बाजारात 'फायबर का रेझिन' मागितलं की पाण्याच्या टाक्यांना लावतात ते पॉलिस्टर रेझिन हातात येतं. स्वस्त आहे, दहा-पंधरा मिनिटांत पकडतं. त्यात स्टायरीन असतं आणि स्टायरीन थर्माकोल व त्याच्या जातीचा कुठलाही फोम विरघळवतं. आम्ही हातभर तुकड्यावर लावून पाहिलं. डोळ्यांदेखत खड्डा पडला आणि वाटीभर चिकट गोळा उरला. फोमला इपॉक्सीच हवं. एलवाय 556 (रेझिन) आणि एचवाय 951 (ते घट्ट करणारं हार्डनर) ही जोडी इथे मिळते. वजनानं 100 ला 10.

हे प्रमाण नीट पाळायचं तर स्वयंपाकघरातला काटा चालत नाही. 40 ग्रॅम रेझिनला 4 ग्रॅम हार्डनर लागतं, आणि एक ग्रॅम इकडेतिकडे झालं की ते आठवडाभर चिकटच राहतं. सराफ्याजवळच्या दुकानात सोनारांचा खिशातला काटा मिळाला, शंभरावा ग्रॅम दाखवणारा. साडेचारशे रुपये. या कामातली सगळ्यात उपयोगी खरेदी तीच ठरेल असं वाटतं.

2 फेब्रुवारी

तिन्ही तळांवर 200 ग्रॅमचं काचकापड, दोन थर. इंदूरची थंडी इपॉक्सीला मानवत नाही. माळ्यावर रात्री पारा बाराच्या आसपास जातो आणि सपाटीचा पहिला थर तिसऱ्या दिवशीही बोटाला चिकटत होता. जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यात शंभर वॅटचे दोन बल्ब लावले, वर गोधडी टाकली, आत स्वयंपाकातला थर्मामीटर ठेवला. पारा 40 च्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर फोम फुगतो. त्यानंतरचे थर एका रात्रीत दगडासारखे झाले.

कडा गोल ठेवू नका. तळ आणि बाजू जिथे मिळतात ती चाइन, आणि मागची उभी फळी म्हणजे ट्रान्सम जिथे तळाला मिळते ती कड, दोन्ही चाकूसारख्या हव्यात. कापड काटकोनात वळत नाही, ते कडेला आपोआप गोल होतं. त्या गोलाईला पाणी चिकटून वर चढतं आणि बोट पाण्यातून सुटत नाही. उपाय सोपा आहे पण वेळ खातो: कडेबाहेर दोन मिलिमीटर टेप उभी चिकटवायची, त्यात कापसाची भुकटी कालवलेलं इपॉक्सी भरायचं, सुकल्यावर लाकडी ठोकळ्याला सँडपेपर लावून घासायचं. नुसत्या हातानं घासलं की कड पुन्हा गोल होते. भाच्यानं दोन रविवार हेच केलं.

16 फेब्रुवारी

इंजिन आलं. मॉडेलसाठी मिळणारं छोटं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन आहे, ब्रशलेस मोटर, पाण्यानं थंड होणारा कंट्रोलर, 3 सेलची 5000 एमएएचची बॅटरी. बोटीच्या आत बसवायची मोटर स्वस्त पडली असती. पण बास बोटीचं अर्धं वागणं इंजिनाच्या तिरकेपणावर, म्हणजे ट्रिमवर ठरतं, आणि ते बदलता येणार नसेल तर तुलनेला अर्थ उरत नाही.

ट्रान्समवर ॲल्युमिनियमची खाचांची पट्टी बसवली. इंजिन 12 मिमी वर-खाली होतं, खऱ्या बोटीवरची जॅक प्लेट करते तेच काम. तिरकेपणासाठी 1, 2 आणि 3 अंशांच्या पाचरी घासून घेतल्या.

वजनं केली. सगळं बसवून सपाटी 5.8, व्ही 6.1, पॅडवाली 5.2. पॅडवालीला रेझिन कमी लागलं, तोवर हात बसला होता.

23 फेब्रुवारी

गच्चीवरच्या टाकीत उभ्या बोटीची चाचणी. बास मासेमारीत माणूस दिवसाचा बहुतेक वेळ बोटीच्या पुढच्या सपाट डेकवर उभा असतो, पुढची छोटी विजेची मोटर पायानं चालवत. म्हणून थांबलेली बोट किती कलते याला वेगाइतकंच महत्त्व आहे. 80 किलोचा माणूस मॉडेलमध्ये 370 ग्रॅम. दोन 'माणसं' एकाच कडेला ठेवली, फोनमधल्या कोनमापकानं कल घेतला. सपाटी 3 अंश, पॅडवाली 5, व्ही 6.

भावाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: "दादा, तलावाच्या काठाला हेच जाणवतं, पण विक्रेता मधोमध उभं राहायला लावतो."

9 मार्च

पाण्यात पहिल्यांदा. ओळखीच्यांच्या शेततळ्यावर गेलो, महूच्या बाजूला. तळं 40 मीटरचं आणि बोट सेकंदाला 9 मीटर जाते; वेग घेईपर्यंत समोर काठ. पण एक गोष्ट तेवढ्यातही दिसली. पॅडवाली वेगात आली की नाक वर-खाली आपटत होती. याला पॉरपॉइझिंग म्हणतात. पाचर काढून इंजिन खाली घेतलं की हे आपटणं थांबतं, पण मग नाक पाण्यात घुसतं आणि वेग मरतो.

मोठ्या पाण्याचा प्रश्न सोडवायचा आहे. इंदूरजवळचे सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे जगभरच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत. पक्ष्यांच्या जागेवर इंजिनाचा आवाज नेण्याचा विचारही केला नाही, तुम्हीही करू नका. एका गावच्या तलावासाठी पंचायतीत बोललो. तिथे मासळीचा ठेका सहकारी समितीकडे आहे, तेव्हा त्यांचीही परवानगी हवी. अध्यक्षांनी एकच अट घातली: जाळी कुठे लावली आहेत ते सकाळी विचारल्याशिवाय बोट सोडायची नाही.

19 मार्च

रंगपंचमी. राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, सगळा बाजार बंद, त्यामुळे पॅडवाली घरीच उलटी करून तपासली. तळावर मागच्या 30 सेंटिमीटरवर स्टीलपट्टी उभी धरली आणि पलीकडून टॉर्च मारला. ट्रान्समच्या जवळ उजेडाची फट, दीड मिलिमीटरची. तळ मागे किंचित पोटासारखा बाहेर आला होता. वेगात पाणी त्या गोलाईवरून जाताना बोटीची शेपटी खाली खेचतं, नाक वर जातं, मग वजनानं खाली येतं, आणि हेच चालू राहतं.

खऱ्या जुन्या बोटीतही हा दोष असतो. तो बांधताना राहतो किंवा ट्रेलरच्या फळ्या चुकीच्या जागी असल्यानं वर्षानुवर्षांत तळ वाकून येतो. भावाला लगेच कळवलं: बोट बघायला जाशील तेव्हा लांब सरळ पट्टी सोबत ने आणि ट्रेलरखाली झोपून मागचे चार-पाच फूट तपास. विक्रेत्याला हे विचित्र वाटेल, वाटू दे.

खोलगट भागात इपॉक्सीची पुट्टी भरली, लांब ठोकळ्यानं घासून सपाट केलं. दुपार गेली.

23 मार्च

मोठा तलाव, सकाळी सातला पाणी आरशासारखं. पहिल्या फेऱ्यांत सपाटी 29 किमी, व्ही 29, पॅडवाली 37. भाचा खूश झाला, मला ते पचेना. पॅडवाली व्हीपेक्षा 900 ग्रॅम हलकी आहे. खऱ्या बोटीत हा फरक 194 किलो होतो, म्हणजे दोन धिप्पाड माणसं.

सपाटी 5.8 वर होतीच. मग शिशाचे तुकडे टाकून पॅडवाली 5.8 वर आणली, व्हीमधलं जादा वजन काढून तीही 5.8 वर. तिघींचा गुरुत्वमध्य ट्रान्समपासून 31 सेंटिमीटरवर बसवला. दोन पेन्सिलींवर बोट तोलली की तो सापडतो. पुन्हा फेऱ्या. सपाटी 29, व्ही 31, पॅडवाली 34. आठ किलोमीटरचा फरक तीनवर आला. 34 म्हणजे खऱ्या बोटीचे 83, आणि 150 अश्वशक्तीवर 18 फुटी बोट तेवढीच धावते, त्यामुळे आकड्यांवर आता विश्वास बसतो.

हे इतक्या तपशिलात लिहितो आहे कारण बोटींची तुलना करणारे बहुतेक जण नेमकं हेच सोडून देतात. एकीत एक माणूस आणि अर्धी टाकी, दुसरीत तीन माणसं आणि भरलेली टाकी, आणि निष्कर्ष तळाच्या आकारावर. वजन आणि वजनाची जागा सारखी केल्याशिवाय तळाबद्दल काहीही बोलता येत नाही.

पाण्यावर उठायला, म्हणजे वेग घेऊन पाणी कापण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावरून सरकायला, सपाटीला सगळ्यात कमी वेळ लागतो. व्ही उठताना नाक इतकं वर घेते की खऱ्या बोटीत चालवणाऱ्याला समोरचं दिसणार नाही.

30 मार्च

गुढी पाडवा. पाण्यावर गेलो नाही, धक्के मोजणारा सेन्सर बसवला. एमपीयू 6050 (धक्का मोजणारी चिप), ईएसपी 32 (नोंदी घेणारा छोटा संगणक) आणि मेमरी कार्ड. जेल रोडवर सगळं मिळून नऊशेच्या आत. सेकंदाला शंभर नोंदी. तो फोमवर चिकटवू नका, फोम धक्का गिळतो. तळाच्या आडव्या फळीत स्क्रूनं घट्ट बसवा. कार्डाच्या खाचेवर रबर लावून दाबून ठेवा, नाहीतर दणक्यात संपर्क सुटतो आणि नेमकी हवी ती नोंद गायब होते.

6 एप्रिल

दुपारी वारा सुटला, पश्चिमेकडून, पाण्यावर चार-पाच सेंटिमीटरच्या आखूड लाटा. खऱ्या मापात फूटभराच्या आतल्या, मोठ्या जलाशयावर रोजच्या. तिन्ही बोटी 25 किमीवर धरून वाऱ्यात घातल्या.

पहिला आलेख वरून कात्रीनं कापल्यासारखा आला. सेन्सर 2 जीपर्यंतच मोजत होता. मर्यादा 8 जीवर नेली आणि खरं चित्र दिसलं: सपाटी साडेपाच जीपर्यंत, पॅडवाली साडेतीन, व्ही तीनच्या जरा खाली. सपाटीचा आवाजच वेगळा. ओल्या फरशीवर पाट आपटावा तसा.

पण पॅडवालीचा आकडा इंजिनाच्या तिरकेपणावर फार अवलंबून आहे. 3 अंशांची पाचर लावली की नाक वर राहतं, बोट लाटेवरून उडते आणि पॅडच्या सपाट पट्टीवर पडते. धक्का साडेचारच्या वर. पाचर काढली, नाक खाली आलं, पुढचा धारदार व्ही लाट कापू लागला, आणि तीच बोट तीनवर आली. वेग मात्र 4 किमीनं घटला. टेक्ससमध्ये ज्या बोटीनं मला हादरवलं होतं तिचा चालवणारा नाक आकाशात ठेवून जात होता, आता आठवतं.

जाताना सपाटीच्या पंख्यात शिंगाड्याचे जुने वेल अडकले. मोटर तापून वास येऊ लागला. समितीच्या एका कोळ्यानं नाव नेऊन बोट ओढून आणली. तोही सपाट तळाच्याच नावेवर उभा होता, आणि त्याला ती का हवी हे स्पष्ट आहे. त्याला वेग नको आहे, कडेला वाकून जाळं ओढताना नाव कलायला नको.

बास बोटीची सुरुवातही तिथूनच झाली. 1948 मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला होम्स थर्मंड यांनी 'स्कीटर' बांधली. ती अरुंद, बुटकी बोट शांत, झाडझुडपांच्या पाण्यासाठी होती. 1967 ला रे स्कॉट यांनी आर्कान्साच्या बीव्हर लेकवर स्पर्धा भरवली. स्पर्धा वाढल्या तशी जागेवर आधी पोचण्याची घाई आली, घाईबरोबर मोठी इंजिनं, आणि मोठ्या इंजिनाला सपाट तळ पुरेना.

13 एप्रिल

वळणं. 25 किमीवर रिमोट पूर्ण फिरवला. सपाटी नाक वळवते पण सरळच घसरत राहते, कडेनं पाणी उडवत. तिला कणा म्हणून 8 मिमीची उभी पट्टी लावली तेव्हा घसरणं निम्म्यावर आलं. व्ही आतल्या बाजूला कलून वळते, अंदाज येतो, तिघींत तिच्यावर सगळ्यात भरवसा वाटतो. पॅडवाली इंजिन उंच असेल तर वळणात पंख्याला हवा लागून मोटर नुसतीच किंचाळते. 4 मिमी खाली घेतलं, थांबलं.

मग पॅडवालीचा पूर्ण वेग. 33 च्या पुढे ती डाव्या-उजव्या चाइनवर आळीपाळीनं डुलायला लागते. याला चाइन वॉक म्हणतात. सुरुवात नेहमी डावीकडे कलण्यानं होते, कारण पंखा मागून पाहिलं तर उजवीकडे फिरतो आणि बोटीला उलट दिशेनं पिळतो. 400 ग्रॅम शिसं मध्यापासून दोन सेंटिमीटर उजवीकडे सरकवलं आणि डुलणं आणखी जास्त वेगावर सुरू होऊ लागलं. खऱ्या बास बोटीत चालवणारा उजवीकडे बसतो त्याचं एक कारण हेच. मॉडेलमध्ये हे डुलणं अडीचपट वेगानं होतं, रिमोटनं सावरणं अशक्य. खऱ्या बोटीवर सरावलेला माणूस स्टिअरिंगच्या छोट्या हालचालींनी सावरतो. म्हणून 'ही बोट डुलते' असं मॉडेलवरून म्हणता येतं, 'ही चालवता येत नाही' असं म्हणता येत नाही.

दोन चाचण्या खास भावासाठी केल्या. मासे जिवंत ठेवायच्या टाकीत 120 लिटर पाणी, म्हणजे मॉडेलच्या मागच्या भागात 550 ग्रॅम. पॅडवालीचं पॉरपॉइझिंग मधल्या वेगात परत आलं. दुसरी: पुढच्या मोटरच्या तीन शिसे-आम्ल बॅटऱ्या, 90 किलो, मागून काढून पुढच्या डेकखाली. मॉडेलमध्ये 417 ग्रॅम, अर्धा मीटर पुढे. गुरुत्वमध्य साडेतीन सेंटिमीटर सरकला. टाकी भरलेली असूनही पॉरपॉइझिंग बंद, लाटांतला धक्का साडेतीनवरून तीनवर, वेग 34 वरून 32. एका मधल्या जागी, 20 सेंटिमीटर पुढे, वेग 33 आणि पॉरपॉइझिंग बंद. हीच जागा भावाला कळवली.

रिमोटचा सिग्नल सुटला तर मोटर थांबेल अशी सोय आधी तपासून मगच बोट सोडा. पूर्ण वेगातली 5.8 किलोची वस्तू पोहणाऱ्याला लागली तर हाड मोडेल. अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांखालच्या बोटी चालवणाऱ्याला इंजिन बंद करणारी दोरी अंगाला लावणं बंधनकारक आहे. भाऊ लावत नव्हता. त्याला रागावून सांगितलं, आता लावतो.

20 एप्रिल

खर्च: इंजिन, मोटर आणि कंट्रोलर मिळून साडेबारा हजार, रिमोट साडेचार, दोन बॅटऱ्या आणि चार्जर नऊ, रेझिन व कापड साडेतीन, फोम-प्लाय दीड, सेन्सर आणि किरकोळ दोन. तेहतीस हजार. तिन्ही बोटींना वेगळी इंजिनं घेतली असती तर पन्नासाच्या वर गेलं असतं आणि तुलनाही बिघडली असती.

भावानं पॅडची बोट घेतली. तळ पट्टी लावून तपासला, सरळ निघाला. तीन जुन्या बॅटऱ्या काढून लिथियमच्या टाकल्या, प्रत्येकी 13 किलोच्या आत, आणि त्या मागच्या जागेपासून चार फूट पुढे बसवल्या. त्याच्या मते वाऱ्याच्या दिवशी ती आता आधीच्या मालकाच्या व्हिडिओतल्यापेक्षा शांत जाते. त्याच सेन्सरचा एक संच त्याला पाठवतो आहे, फरशीत स्क्रूनं बसवायला, म्हणजे खऱ्या पाण्यावरचे जी आमच्या आकड्यांशी ताडता येतील. तळांचे कागदी साचे मूळ मापात जपून ठेवले आहेत. पावसाळ्यानंतर तलाव भरला की 18 अंशांच्या उताराचा चौथा तळ घालायचा आहे.